आमच्या जागेत, आम्हाला न विचारता

परड्यात रोवलेला खांब, गच्चीवरून ओढलेली केबल, कुंपणाच्या आत खणलेला चर. या वेळी निवडलेली पत्रे अशा कामांविषयी आहेत, जी घरमालकाने मागितलेली नव्हती आणि ज्यांची त्याला आधी कल्पनाही देण्यात आलेली नव्हती. पत्रे निरनिराळ्या जिल्ह्यांतून आली असली, तरी जागेवर आलेल्या माणसांचे उत्तर सगळीकडे एकच दिसते: ‘वरून ऑर्डर आहे.’ ही ऑर्डर कोणाची, कोणत्या कायद्याखालची आणि तिची प्रत कोठे मिळेल, हे मात्र एकाही वाचकाने लेखी विचारलेले नाही. वीजवितरणाचा पोल, पारेषणाचा मनोरा, इंटरनेटची केबल आणि गॅसची मुख्य वाहिनी यांना वेगवेगळे कायदे लागू होतात. घरमालकाच्या नकाराने एका ठिकाणी काम अडते, तर दुसऱ्या ठिकाणी तोच नकार फक्त भरपाईच्या हिशेबात मोजला जातो. त्यामुळे खालील उत्तरांत प्रत्येक वेळी आधी अधिकार कोणता ते पाहिले आहे आणि उपाय त्यानंतर सांगितला आहे.

प्रश्न. वाई तालुक्यात आमचे वडिलोपार्जित घर असून त्यामागे परडे आहे. आम्ही पुण्यात राहतो आणि गावच्या घरात चुलते राहतात. गणपतीला गावी गेलो, तेव्हा परड्यात सिमेंटचा नवा पोल उभा होता आणि त्याचा ताण (पोलला आधार देणारी तिरकी तार) मागच्या दाराच्या पायरीपासून जेमतेम दोन हातांवर रोवलेला होता. शेजारी नव्याने झालेल्या रिसॉर्टसाठी ही लाइन ओढली आहे, असे कळले. ठेकेदार म्हणतो, ‘काकांना विचारूनच खड्डा घेतला.’ काका म्हणतात, जुना वाकलेला पोल बदलत आहेत असे त्यांना वाटले. कनिष्ठ अभियंत्यांच्या मते एकदा उभा राहिलेला पोल हलत नाही, आणि हलवायचाच असेल तर आम्ही अर्ज करून अंदाजपत्रकाची रक्कम भरावी. आम्ही काय करावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर. एकदा उभा राहिलेला पोल हलत नाही, हे कायद्याला धरून नाही. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ६७ च्या अनुषंगाने केंद्र सरकारने २००६ साली परवानाधारकांच्या कामांविषयीचे नियम केले. त्यांतील नियम ३ प्रमाणे, ज्या जमिनीवर किंवा इमारतीवर आधीपासून कायदेशीर लाइन नाही, तेथे नवी लाइन टाकायची, खांब उभा करायचा किंवा ताण रोवायचा, तर मालकाची किंवा ताबेदाराची पूर्वसंमती घ्यावी लागते. मालकाने हरकत घेतली, तर कंपनीने जिल्हादंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा राज्य सरकारने नेमलेला अधिकारी यांच्याकडून लेखी परवानगी मिळवावी लागते. ही अट काही नव्याने आलेली नाही. १९१० च्या जुन्या वीज कायद्याच्या कलम १२ मध्येही ती जवळजवळ याच स्वरूपात होती, आणि तरीही शंभर वर्षांनंतर खड्डा आधी आणि विचारणा मागाहून हीच रीत चालू आहे.

आपल्या प्रकरणातील नाजूक मुद्दा काकांचा आहे. नियमात ‘मालक किंवा ताबेदार’ असे शब्द आहेत आणि घरात प्रत्यक्ष राहणारे काका ताबेदार ठरतात. त्यांनी खरोखर समजून होकार दिला असता, तर आपला सातबारा दाखवून ती संमती सहज पुसून टाकता आली नसती. मात्र जुना पोल बदलण्याला दिलेला होकार हा नव्या लाइनला दिलेला होकार होत नाही, आणि संमती घेतली होती हे दाखवण्याची जबाबदारी ती घेतल्याचा दावा करणाऱ्यावरच येते. काकांनी काय ऐकले, काय समजून मान डोलावली आणि कोणत्या कागदावर सही केली की नाही, हे त्यांच्याकडून आत्ताच साध्या कागदावर लिहून, तारीख व सहीनिशी घ्यावे. सहा महिन्यांनी गावातील संबंध आणि आठवण दोन्ही बदललेले असतात.

याच नियमाच्या दुसऱ्या परंतुकाकडे (नियमाला जोडलेल्या अटीकडे) फारसे कोणी पाहत नाही. काम झाल्यानंतर कोणत्याही वेळी मालकाने किंवा ताबेदाराने पुरेसे कारण दाखवले, तर जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त तो खांब अथवा ताण काढण्याचा किंवा बदलण्याचा लेखी आदेश देऊ शकतात. म्हणजे अभियंत्यांनी बंद म्हणून सांगितलेले दार कायद्याने उघडे ठेवले आहे. पुरेसे कारण म्हणजे केवळ नाराजी नव्हे, हेही लक्षात असू द्यावे. मागच्या दारातून ये-जा करताना ताण पायात येतो, घरात वयस्क माणसे आहेत, वाढीव बांधकामाचा नकाशा मंजूर आहे, वाहन आत नेण्याची एकमेव वाट अडते, अशी कारणे मोजमापासह मांडावीत. पायरीपासून ताणाच्या खुंट्यापर्यंतचे अंतर टेपने मोजावे, टेप दिसेल असे छायाचित्र काढावे आणि परड्याचा हाताने काढलेला नकाशा जोडून त्यात पोल हद्दीलगत कोठे सरकवता येईल तेही दाखवावे. तांत्रिकदृष्ट्या शक्य असलेली दुसरी जागा आपणच सुचवली, तर ‘गाळा (दोन पोलांमधले अंतर) बसत नाही’ या ठरलेल्या उत्तराला कंपनीला आकड्यांनी बोलावे लागते.

पत्र कार्यकारी अभियंत्यांच्या नावे लिहावे आणि त्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाला द्यावी. त्यात चार गोष्टींच्या प्रती मागाव्यात, त्या म्हणजे आपल्या कुटुंबाची संमती असल्यास ती, या लाइनचे मंजूर अंदाजपत्रक, ठेकेदाराला दिलेला कार्यादेश, आणि अधिनियमाच्या कलम १६४ खाली विशेष अधिकार दिल्याचा सरकारी आदेश कंपनी पुढे करत असेल तर तो आदेश. हे पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवून परत येऊ नये. आवक लिपिकाकडून दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. वीज कंपनी सरकारी असेल तर तीच माहिती दहा रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकारातही मागता येते, आणि तेथे उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. माझ्या मते दोन्ही अर्ज एकाच दिवशी द्यावेत.

आता अंदाजपत्रकाविषयी. पोल स्थलांतराचा छापील अर्ज हा बहुधा अशा ग्राहकासाठी असतो, ज्याला स्वतःच्या सोयीसाठी कायदेशीर लाइन हलवून हवी आहे. त्या अर्जावर सही करून खर्च भरण्याची तयारी दाखवली, की संमतीशिवाय झालेले काम आपणच नियमित केल्यासारखे होते. म्हणून तो अर्ज भरण्याआधी आपली हरकत नोंदलेली असली पाहिजे, आणि घाईमुळे पैसे भरण्याची वेळ आलीच तर ‘हक्क अबाधित ठेवून’ असे शब्द अर्जात लिहावेत. तडजोड म्हणून पोल राहू द्यायचा असेल, तरी फुकट राहू देण्याचे कारण नाही. कंपनीला परवानगी देताना जिल्हादंडाधिकाऱ्यांनी भरपाई किंवा वार्षिक भाडे किंवा दोन्ही ठरवावे, असे नियम ३ मध्येच म्हटले आहे, आणि त्या आदेशाविरुद्ध राज्य वीज नियामक आयोगाकडे पुनरीक्षण मागता येते.

दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणू, असे गावाकडे पटकन बोलले जाते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर विशिष्ट अनुतोष कायद्यात पायाभूत प्रकल्पांना खीळ घालणारा मनाई हुकूम देऊ नये अशी तरतूद आली असून त्या प्रकल्पांच्या यादीत वीजवितरणही आहे, तेव्हा या मार्गावर फार भिस्त ठेवू नये. आणि ताण स्वतः सोडवण्याचा विचार कोणाच्याही मनात येऊ देऊ नये. ताण सुटलेला पोल तारांच्या ओढीने कलतो, आणि त्यानंतर होणाऱ्या अपघाताची व गुन्ह्याची जबाबदारी आपल्यावर येते.

प्रश्न. सिन्नर तालुक्यात वस्तीवर आमचे घर आहे. २२० केव्ही लाइनचा एक मनोरा घरामागच्या शेतात येणार असून तारा गोठ्याच्या बाजूने जातील, असे मोजणीला आलेल्यांनी सांगितले. आम्ही लेखी नकार दिला, तरीही पोलीस बंदोबस्तात काम करू असे ऐकवण्यात आले. वरच्यासारखाच नियम आम्हालाही लागू होतो ना? (एक वाचक, सिन्नर)

उत्तर. बहुधा होत नाही. २००६ च्या त्याच नियमांत शेवटी म्हटले आहे की, कलम १६४ खाली दिलेल्या अधिकारांना या नियमांनी बाधा येणार नाही. उच्चदाबाच्या पारेषण वाहिन्यांसाठी सरकार कंपनीला कलम १६४ चा आदेश देते आणि त्यामुळे तिला १८८५ च्या भारतीय तार कायद्यातील अधिकार मिळतात. दूरसंचार अधिनियम, २०२३ मध्ये तो कायदा रद्द करण्याची तरतूद असली, तरी त्याचा तिसरा भाग पारेषण वाहिन्यांच्या कामापुरता चालू ठेवण्यात आला आहे. अशा आदेशानंतर जमीनमालकाची पूर्वसंमती आवश्यक राहत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पॉवर ग्रिड कॉर्पोरेशन विरुद्ध सेंच्युरी टेक्स्टाइल्स या प्रकरणात डिसेंबर २०१६ मध्ये स्पष्ट केले. म्हणून आपण प्रथम त्या आदेशाची प्रत मागावी आणि त्यात आपली वाहिनी खरोखर येते का ते पाहावे. येत असेल, तर नकारावर शक्ती खर्च करण्यापेक्षा मार्गरेषा आणि भरपाई या दोन गोष्टींकडे वळावे.

मार्गरेषेत बदल मोजणीच्या टप्प्यावरच मिळू शकतो. पाया भरल्यावर ती चर्चा संपते. २२० केव्ही वाहिनीसाठी साधारण ३५ मीटर रुंदीचा पट्टा धरला जातो आणि त्या पट्ट्यात पुढे घर बांधता येत नाही, तेव्हा गोठा आणि घराची संभाव्य वाढ त्या पट्ट्याच्या आत येते की बाहेर, हे तालुका भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणी नकाशावर लावून पाहावे. कंपनीचा माणूस दोरी धरून दाखवतो ती हद्द पुरेशी मानू नये.

भरपाईच्या बाबतीत परिस्थिती पूर्वीपेक्षा बरीच बदलली आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मनोऱ्याच्या पायाखालच्या जमिनीसाठी किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी कमाल १५ टक्के रक्कम सांगितली होती. १४ जून २०२४ च्या सुधारित तत्त्वांत हे प्रमाण अनुक्रमे २०० आणि ३० टक्के झाले, आणि पायाचे क्षेत्र मोजताना चार पायांच्या बाहेर प्रत्येक बाजूला एक मीटर अधिक धरावे असेही म्हटले आहे. ही केंद्राची तत्त्वे आहेत आणि त्यांची अंमलबजावणी राज्याच्या आदेशातून होते, म्हणून आपल्याला दिलेल्या नोटिशीत कोणत्या शासन निर्णयानुसार हिशेब केला आहे ते लिहून मागावे. पिके, झाडे आणि विहिरीचे नुकसान यांचा पंचनामा वेगळा असतो आणि त्यावर सही करण्यापूर्वी प्रत्येक झाड नोंदले आहे का ते पाहावे. रक्कम अपुरी वाटल्यास तार कायद्याच्या कलम १६ प्रमाणे जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. वाहिनी जमिनीच्या कडेने जाते की मधोमध, जमीन कोठे आहे, किती क्षेत्राचा उपयोग कमी होतो, या गोष्टी तेथे लक्षात घ्याव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली केरळ राज्य वीज मंडळाच्या एका प्रकरणात सांगितले आहे. मनोऱ्यासाठी जमीन दिली तरी ती आपल्याच नावावर राहते. कंपनीला मिळतो तो फक्त वापराचा हक्क.

प्रश्न. रत्नागिरीजवळ घराच्या आवारात आमची हापूसची जुनी कलमे आहेत. मे महिन्याच्या शेवटी वीज कंपनीच्या ठेकेदाराची माणसे आली आणि ‘पावसाआधी लाइन साफ करायची आहे’ असे सांगून दोन कलमांचे मोठे फाटे बुंध्याजवळून तोडून गेली. फाटेही ट्रकमध्ये घालून नेले. लाइन सात-आठ वर्षांपूर्वीची आहे आणि झाडे आमच्या आजोबांच्या वेळची. (एक वाचिका, रत्नागिरी)

उत्तर. झाड आधीचे की लाइन आधीची, यावर आपले सगळे प्रकरण उभे आहे, आणि ते आपल्या बाजूने आहे. वीज अधिनियमाच्या कलम ६८ प्रमाणे तारांना अडथळा ठरणारे झाड काढण्यासाठी किंवा छाटण्यासाठी कंपनीने कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो, आणि झाड लाइनच्या आधीपासूनचे असेल तर त्या झाडात हितसंबंध असलेल्या व्यक्तीला वाजवी भरपाई देण्याचा आदेश दंडाधिकाऱ्यांनी करायचा असतो. तालुक्याच्या ठिकाणी हे काम सहसा तहसीलदारांकडे असते. लाइनला घासणारी डहाळी पावसाच्या तोंडावर छाटणे समजण्यासारखे आहे, कारण तसे न झाल्यास साऱ्या वाडीची वीज जाते. परंतु तारेपासून दूर असलेला फाटा बुंध्याजवळून तोडणे हे छाटणीत बसत नाही, आणि जो फाटा पुढच्या हंगामात मोहोरला असता त्याचे मोल लाकडाच्या भावाने होत नाही.

तहसीलदारांकडे आणि कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात एकाच मजकुराचे अर्ज द्यावेत आणि तलाठी व कृषी सहायक यांच्या उपस्थितीत पंचनाम्याची मागणी करावी. तोडीची जखम ताजी असतानाच तिचा घेर मोजून घ्यावा, आणि तेथून तारेचे अंतर अंदाजाने लिहावे. बांबू किंवा काठी लावून तारेपर्यंत मोजायला कोणालाही जाऊ देऊ नये. झाडांच्या वयासाठी सातबारावरील फळझाडांची जुनी नोंद सर्वांत उपयोगी ठरते, तर लाइनच्या वयासाठी काम पूर्ण झाल्याचा अहवाल कंपनीकडूनच मागावा. आंबा बागेचे मागील काही वर्षांचे विक्रीचे कागद, अगदी दलालाच्या पट्ट्या असल्या तरी, जोडावेत. तोडलेले लाकूड आपले होते. ते परत मागावे किंवा त्याची किंमत भरपाईत स्वतंत्र धरावी, आणि यापुढे छाटणीला माणसे आली तर लाकूड आवारातच ठेवण्याची अट आधी बोलून घ्यावी.

प्रश्न. सोलापूरजवळ आमच्या प्लॉटच्या कडेने ११ केव्हीची जुनी लाइन जाते. आम्हाला पहिला मजला चढवायचा आहे. लाइन कंपनीने स्वखर्चाने हलवावी, असे आम्ही म्हणू शकतो का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर. लाइन कायदेशीर आणि आपल्या बांधकामाच्या आधीची असल्यास सहसा नाही. सुरक्षा विनियमांप्रमाणे ओव्हरहेड लाइनजवळ बांधकाम किंवा वाढीव बांधकाम करणाऱ्यानेच कंपनीला आधी लेखी कळवायचे असते आणि लाइन बदलण्याचा खर्चही त्याच्याकडे येतो. ११ केव्ही लाइनपासून इमारतीचे आडवे अंतर किमान १.२ मीटर आणि लाइन इमारतीवरून जात असेल तर उभे अंतर किमान ३.७ मीटर लागते. घराघरांत येणाऱ्या कमी दाबाच्या तारांसाठी उभे अंतर २.५ मीटर पुरते. उभे अंतर तार सर्वांत जास्त झोललेली असताना, म्हणजे भर उन्हाळ्यात, मोजायचे आहे आणि आडवे अंतर बाहेर आलेली बाल्कनी व सज्जे धरून मोजायचे आहे. नकाशा मंजुरीला देण्यापूर्वी अभियंत्यांसह जागेची पाहणी करून घेतली, तर पुष्कळदा बाल्कनी दुसऱ्या बाजूला घेऊन लाइन न हलवताही काम होते.

प्रश्न. पुण्यात आमचा स्वतंत्र बंगला आहे. कोणीतरी आमच्या गच्चीच्या कठड्याला खिळे मारून तीन-चार काळ्या केबल पलीकडच्या इमारतीपर्यंत नेल्या आहेत आणि कंपाउंडच्या भिंतीला आतल्या बाजूने एक पेटीही बसवली आहे. आमच्याकडे त्या कंपनीचे इंटरनेट नाही. केबल कापून टाकल्या तर चालेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर. कापू नयेत, पण त्या राहू देण्याचेही कारण नाही. दूरसंचार अधिनियम, २०२३ आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेले मार्गाधिकाराचे (केबल नेण्यासाठी जागा वापरण्याच्या हक्काचे) नियम यांनी कंपन्यांचे काम सार्वजनिक जागांवर बरेच सोपे केले आहे. खासगी मालमत्तेच्या बाबतीत मात्र कंपनीने मालकाकडे अर्ज करायचा आणि मोबदल्यासह परस्पर करार करायचा, अशीच व्यवस्था आहे. मालकाने नकार दिल्यावर सार्वजनिक हितासाठी जागा आवश्यक आहे असे केंद्र सरकारने ठरवले तरच पुढची प्रक्रिया होते. शेजारच्या चार घरांना जोडणी द्यायची म्हणून ही प्रक्रिया कोणी करत नाही. कंपनीपेक्षा पुष्कळदा तिचा स्थानिक केबलवाला हे काम करतो, आणि गच्चीवरून गच्चीवर तार फेकणे हा त्याच्यासाठी खणण्याची परवानगी टाळण्याचा स्वस्त मार्ग असतो.

आधी केबलवरचा छापील मजकूर आणि पेटीवरचे नाव यांची छायाचित्रे घ्यावीत. त्यावरून कंपनी कळते. तिच्या तक्रार कक्षाला आणि स्थानिक चालकाला स्पीड पोस्टने नोंदणीसह नोटीस पाठवून पंधरा दिवसांत केबल व पेटी काढण्यास आणि खिळ्यांनी पडलेली भोके बुजवून देण्यास सांगावे. मुदत उलटल्यावर वकिलामार्फत दिवाणी न्यायालयात जाता येते. बहुतेक प्रकरणे तोपर्यंत जात नाहीत, कारण कराराचा कागद कोणाकडेच नसतो. स्वतः कापण्यात अडचण अशी की त्या केबलमधून कोणाच्या घरची किंवा दवाखान्याची जोडणी जाते ते आपल्याला ठाऊक नसते, आणि मग मूळ अतिक्रमण बाजूला राहून आपणच मालमत्तेच्या नुकसानीच्या तक्रारीला उत्तर देत बसतो. पेटी भिंतीच्या बाहेरच्या, म्हणजे रस्त्याच्या बाजूला असती, तर महापालिकेची परवानगी आहे का हा प्रश्न आधी आला असता. ती आत आहे, तेव्हा आपला आक्षेप अधिक सरळ आहे. गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्या वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे की गच्ची संस्थेची असते, आणि सचिवांनी जिन्यात दिलेला तोंडी होकार सर्वसाधारण सभेच्या ठरावाची जागा घेत नाही.

प्रश्न. कोल्हापूर जिल्ह्यात आमच्या घराच्या आवारातून नैसर्गिक वायूची मोठी पाइपलाइन जाणार असल्याची अधिसूचना निघाली आहे. नकार देता येतो का? (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर. येथे मुदत हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. पेट्रोलियम आणि खनिजे यांच्या वाहिन्यांसाठी जमिनीतील वापराचा हक्क संपादन करण्याचा १९६२ चा कायदा अशा वाहिन्यांना लागू होतो आणि कलम ३ च्या अधिसूचनेनंतर एकवीस दिवसांच्या आत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्यावी लागते. ती वेळेत दिली तर सुनावणी मिळते.

आपल्याकडे हरकतीसाठी भक्कम आधार आहे. याच कायद्याच्या कलम ७ मध्ये असे स्पष्ट म्हटले आहे की, अधिसूचनेच्या लगेच आधी जी जमीन राहण्यासाठी वापरात होती, जिच्यावर कायम स्वरूपाचे बांधकाम उभे होते किंवा जी राहत्या घराला लागून त्याचा भाग म्हणून आहे, तिच्याखालून वाहिनी टाकता येत नाही. आणि कोठेही ती जमिनीच्या पृष्ठभागापासून एक मीटरपेक्षा कमी खोलीवर टाकता येत नाही. म्हणून घर अधिसूचनेपूर्वीचे असल्याचे पुरावे, म्हणजे ग्रामपंचायतीचा घरठाण उतारा, घरपट्टीच्या पावत्या आणि वीजबिले, हरकतीबरोबरच जोडावेत. आवारापलीकडची शेतजमीन या संरक्षणात येत नाही. तेथे हक्क संपादन झाला, तर पुढे त्या पट्ट्यात इमारत, विहीर, तळे किंवा झाड लावता येत नाही आणि मोबदला म्हणून प्रत्यक्ष नुकसानीव्यतिरिक्त अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम मिळते. दहा टक्के हे प्रमाण आजच्या जमिनीच्या भावात फारच तोकडे आहे, पण कायद्यात तेच आहे. रकमेवर वाद असेल तर तो जिल्हा न्यायाधीशांकडे नेता येतो. घरात स्वयंपाकासाठी येणारी पाइप जोडणी हा वेगळा विषय आहे. ती ग्राहकाने अर्ज केल्यावरच दिली जाते, आणि शेजाऱ्याची जोडणी आपल्या भिंतीवरून न्यायची असेल तर आपल्याला विचारावेच लागते.

प्रश्न. ठाण्यात आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली सर्वांचे मीटर आहेत. आम्ही कामावर असताना सुरक्षारक्षकाने दार उघडून दिले आणि आमचे चालू स्थितीतील मीटर काढून स्मार्ट मीटर बसवले गेले. आम्हाला ते नको आहे. जुने मीटर परत मिळेल का? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर. मीटर कंपनीच्या मालकीचे असेल तर ते बदलण्याचा अधिकार कंपनीकडे राहतो, आणि कोणत्या प्रकारचे मीटर हवे हे ठरवणे ग्राहकाच्या हाती नाही. ग्राहक हक्क नियम, २०२० मध्ये स्मार्ट प्रीपेड किंवा प्रीपेड मीटरची तरतूद असून त्याला अपवाद करायचा असल्यास नियामक आयोगाची मान्यता लागते. प्रीपेड पद्धतीवरून राज्यात बराच वाद झाला आहे, तेव्हा आपल्याला आधी भरणा करायचा आहे की नेहमीसारखे बिल येणार आहे, हे प्रथम लेखी विचारावे. प्रीपेड असल्यास वीज अधिनियमाच्या कलम ४७ प्रमाणे सुरक्षा ठेव लागत नाही आणि आधी भरलेल्या ठेवीचा हिशेब मागता येतो.

कामाची पद्धत मात्र आक्षेपार्ह आहे. कलम १६३ प्रमाणे कंपनीच्या माणसाने योग्य वेळी आणि तेथे राहणाऱ्याला कळवून आवारात यायचे असते. सुरक्षारक्षकाला कळवणे म्हणजे ग्राहकाला कळवणे नव्हे, असा मुद्दा तक्रारीत जरूर घ्यावा. दुसरीकडे, कळवून आलेल्या माणसाला प्रवेश नाकारला तर चोवीस तासांची लेखी नोटीस देऊन वीज तोडण्याचा अधिकारही त्याच कलमात आहे, म्हणून सोसायटीने मीटरच्या खोलीला कुलूप घालून बसण्याचा सल्ला मी देणार नाही.

आत्ता तातडीने मागायचा कागद म्हणजे मीटर बदली अहवाल. त्यात जुन्या मीटरचा क्रमांक, त्याचे शेवटचे वाचन आणि नव्या मीटरचे सुरुवातीचे वाचन असते. तो नसेल तर पुढच्या बिलात दोन मीटरांची युनिटे कशी जोडली हे तपासता येत नाही. नव्या मीटरचे वाचन जास्त येते अशी शंका असेल, तर ग्राहक हक्क नियमांच्या २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे तक्रार मिळाल्यापासून पाच दिवसांत पडताळणीसाठी दुसरे मीटर जोडावे लागते आणि ते किमान तीन महिने ठेवून वापर ताडून पाहावा लागतो. तक्रार आधी कंपनीच्या अंतर्गत कक्षाकडे, समाधान न झाल्यास ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे आणि त्यानंतर विद्युत लोकपालांकडे जाते. दरम्यान वादातील बिल पूर्ण थकवू नये. निदान नेहमीच्या सरासरीइतकी रक्कम ‘आक्षेपासह’ असे लिहून देऊन भरावी, म्हणजे थकबाकीची नोटीस आली तरी उत्तरात दाखवायला पावती हाती असते.